तळ्याकडे पाठ करून उभं राहा: छोट्या मातीच्या बांधाची देखभाल, नव्यानं जागा घेणाऱ्यांसाठी

जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला जागा बघायला येणाऱ्या माणसाला घर नंतर सुचतं, तळं आधी. जागा विकणाराही शहाणा असतो. तो पाहुण्याला थेट बांधाच्या माथ्यावर नेऊन उभा करतो. समोर पाणी, पलीकडे जंगल, वर ढग. तिथेच सौदा ठरतो. आमचाही तसाच ठरला. तिघा चुलतभावांत मिळून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जागा घेतली. आधीच्या मालकानं मासे आणि होडीच्या हौसेसाठी ओढ्यावर घातलेला मातीचा बांध त्यात आला. सगळ्यात खोल जागी उंची सात मीटर, लांबी दीडशे पावलं. आम्ही पाण्याचे फोटो काढले. मागे वळून बघायला वर्ष लागलं.

या लेखात सांगायचं ते एवढंच: तळ्याची तब्येत पाण्याकडून कळत नाही, बांधाच्या कोरड्या बाजूनं कळते. आणि ती एका फेरीत कळत नाही, वहीत कळते.

आकड्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. पाण्याचा पसारा एक एकर आणि सरासरी खोली दोन मीटर धरली तर ८० लाख लिटर पाणी झालं, म्हणजे ८,००० टन. ते मातीच्या ढिगाऱ्यानं अडवून धरलंय. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरच्या धरणांनाही लागतो, पण लांबी, साठा, पुराचा विसर्ग अशा काही अटींत ती बसली तरच. आपलं सात मीटरचं तळं त्याच्या बाहेर. हिडकल किंवा नवीलतीर्थाच्या धरणाला अभियंते आहेत, नोंदी आहेत. तुमच्या बांधाला तुम्ही आहात.

आधी चार शब्द

आपल्याकडे मराठी आणि कानडी दोन्ही शब्द चालतात, आणि कागद कानडीत असतात, म्हणून दोन्ही माहीत हवेत. तळं म्हणजे केरे. मातीचा बांध म्हणजे एरी. जादा पाणी बाजूनं निघून जातं तो सांडवा म्हणजे कोडी. बांधाच्या पोटातून पाणी सोडायची मोरी किंवा नळ म्हणजे तूबू. जमिनीचा उतारा हातात आला की त्यात केरे किंवा ओढा खासगी म्हणून लागलाय की सरकारी, ते तलाठ्याकडून समजून घ्या. सरकारी असेल तर एक फावडं मारण्याआधीही परवानगी लागेल.

पहिली फेरी: पायथ्यानं

बांधाच्या माथ्यावरून नव्हे, खालून सुरुवात करा. कोरड्या उताराचा शेवट जिथे जमिनीला मिळतो त्या रेषेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. मग थोडं वर चढून परत या, असं नागमोडी. जुनी माणसं अनवाणी चाला म्हणतात, ओल तळपायाला आधी कळते म्हणून. फुरसं आणि घोणस असलेल्या मुलखात मी तो सल्ला देणार नाही. गमबूट घाला, हातात काठी ठेवा.

सगळ्यात सोपी खूण चैत्रात दिसते. सगळं माळरान वाळून पिवळं झालेलं असतं आणि उताराच्या मधोमध एक हिरवागार पट्टा असतो, त्यात लव्हाळा. तिथे पाणी येतंय. खूण करून ठेवा, खुंटी ठोका. पायथ्याशी थोडी ओल असणं हा रोग नव्हे. मातीचा प्रत्येक बांध थोडा पाझरतोच. नीट बांधलेल्या बांधात त्यासाठी आतून वाळू-खडीचा थर आणि पायथ्याशी दगडांची रास ठेवलेली असते, म्हणजे पाणी निघतं आणि माती आत राहते. आपल्यासारख्या हौशी बांधांत ती बहुतेक नसतेच. जेसीबीवाल्यानं दोन बाजूंची माती मध्ये ढकललेली असते, झालं.

ओल उताराच्या वरच्या अंगाला दिसली तर मात्र काळजी करा. बांधाच्या पोटातली पाण्याची पातळी चढल्याची ती खूण, आणि भिजलेला उतार घसरतो. खालच्या जमिनीत कुठे छोट्या ज्वालामुखीसारखं वारुळ दिसलं, मधून पाणी बुडबुडतंय आणि भोवती बारीक वाळूचं कडं झालंय, तर फेरी तिथेच थांबवा आणि लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा.

आपल्या भागात जमीनही बघावी लागते. पश्चिमेकडे, खानापूरकडे, तांबडी माती आणि खाली जांभा. जांभा आतून सच्छिद्र, त्यात पोकळ नळ्यासारख्या वाटा असतात. पाणी बांध सोडून त्याच्या खालून निघून दूर शेतात झऱ्यासारखं वर येऊ शकतं. म्हणून पायथ्यापासून पन्नासेक पावलं पुढेही बघा. पूर्वेकडे, बैलहोंगल-सौंदत्तीकडे, काळी माती. ती पाणी चांगलं धरते, पण उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते.

मातीची घरगुती परीक्षा आहे. बांधातला सुपारीएवढा खडा काचेच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. खडा नुसता ढासळून खाली बसला तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरत गेला आणि तासाभरानंतरही बसला नाही, तर ती माती पाण्यात आपणहून विरघळल्यासारखी सुटते. अशा मातीचा बांध लहान भेगेनंही आतून पोखरला जातो. तो नुसत्या डागडुजीवर सोडू नये.

पाझर मोजा

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण नव्या माणसाला हेच कंटाळवाणं वाटतं.

पायथ्याचा पाझर एका छोट्या चरीनं एकत्र आणा आणि चरीच्या टोकाला पाइपचा तुकडा बसवा, म्हणजे खाली बादली मावेल. दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. पाण्यात एक खांब रोवून त्यावर रंगानं दहा-दहा सेंटिमीटरच्या रेघा मारा. वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, खांबावरची पातळी, बादलीचे सेकंद, पाणी नितळ की गढूळ. काल पाऊस होता का तेही. बस.

एका दिवसाचा आकडा काहीच सांगत नाही. पातळी वाढली की पाझर वाढणारच. बघायचं ते असं: पातळी तीच, आणि सेकंद कमी झाले. आमच्याकडे एका आषाढात तसं झालं. आदल्या वर्षी त्याच रेघेला बादली पंचवीस सेकंदांत भरायची, म्हणजे मिनिटाला २४ लिटर. त्या वर्षी चौदा सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ४३. जागेची देखरेख करणारे मामा म्हणाले, "पाणी स्वच्छ यायलंय की. मोजताय कशाला?" डोळ्यांना ते खरंच स्वच्छ दिसत होतं. लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवलं तेव्हा सकाळी तळाशी तांबड्या गाळाचा पातळ थर बसलेला. नखाएवढाही नसेल. पण तो गाळ आमच्या बांधाच्या पोटातला होता.

पाणी माती घेऊन बाहेर पडायला लागलं की आत नळी तयार होते. नळी रुंदावते, रुंदावली की पाण्याला वेग येतो, वेग आला की आणखी माती. सुरुवातीला हे महिनोन्‌महिने चालतं आणि शेवटी काही तासांत संपतं. म्हणून नितळ पाझर दिसला तर वहीत लिहा, गढूळ पाझर दिसला तर फोन उचला.

आमच्या पाझराचं मूळ तुबूच्या नळाशी निघालं. ज्यानं तो बसवला होता त्यानं चर खणून नळ ठेवला आणि वरून माती लोटली. नळाच्या पोटाखाली आणि कुशीला माती ठासलीच नव्हती. पाणी नळातून न जाता नळाच्या बाहेरच्या अंगानं वाट काढत होतं. छोट्या बांधांचं हे नेहमीचं दुखणं आहे, आणि मोठेही त्यातून सुटत नाहीत: १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तिथेही कारणांचा माग धरणाच्या पोटातल्या मोरीपाशी जातो. तेव्हा तुबूच्या तोंडाशी, नळाच्या *आतून* येणारं पाणी आणि नळाच्या *भोवतीनं* येणारं पाणी वेगवेगळं बघायला शिका. झडप बंद असताना नळाभोवतीची जमीन ओली असेल तर ओळखा. लोखंडी नळ असेल तर त्याला गंजून भोकं पडतात. उन्हाळ्यात दोन्ही तोंडांनी टॉर्च मारून बघा.

माथा

माथ्यावरून चालताना पाण्याकडे बघायचा मोह टाळा, पायाखाली बघा. बांधाला आडवी भेग, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी, ही सगळ्यात वाईट. पाण्याला तयार वाटच ती. बांधाच्या लांबीनं जाणारी भेग चंद्रकोरीसारखी वळलेली असेल आणि तिची एक कड खाली बसली असेल, तर उतार घसरू लागलाय. काळ्या मातीच्या उन्हाळी भेगा माती वाळल्यानं पडतात, पण पहिल्या पावसाचं पाणी त्यांत उतरू देऊ नका. माथ्यावर मुरमाचा थर असला की त्या पडतच नाहीत फारशा. कुठल्याही भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांमधलं अंतर वहीत लिहा, वर ताडपत्री टाका.

गवंड्याकडची पाण्याची नळी आणून माथ्याची पातळीही एकदा बघा. बांधाची खरी उंची म्हणजे त्याच्या माथ्यावरच्या सगळ्यात खोलगट जागेची उंची. आमची होडी लावायची जागा, जिथून सगळे उतरायचे, ती बाकी माथ्यापेक्षा वीतभर खाली निघाली. पूर आला असता तर पाणी तिथूनच चढलं असतं. कोडीवरून पाणी जोरात वाहत असतानाही माथा त्याच्या वर निदान अर्धा-पाऊण मीटर कोरडा राहायला हवा.

पाण्याकडच्या बाजूचं पटकन सांगतो: दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगड, ढासळलंय का, लाटांनी पायरीसारखी खाच पाडलीय का, एवढं बघा. दगड परत बसवा. तुबूचं आतलं तोंड गाळानं बुजलं नाही ना, ते उन्हाळ्यात बघा.

कोडी

मातीच्या बांधावरून पाणी वाहून चालत नाही. दगडी बंधाऱ्यावरून वाहिलं तर सुंदर दिसतं. मातीच्यावरून वाहिलं तर खालचा उतार कापत कापत वर येतं. त्यामुळे कोडी हा तळ्याचा सगळ्यात महत्त्वाचा अवयव, आणि हौशी मालक पहिला हात घालतो तो नेमका तिलाच.

हिशोब अंदाजे करता येतो. तुमच्या तळ्यात एक चौरस किलोमीटर डोंगराचं पाणी येत असेल, तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं निम्मं वाहून आलं, तर सेकंदाला सुमारे ७ घनमीटर पाणी येतं. कोडीवर ते साठ सेंटिमीटर जाडीनं वाहू द्यायचं तर कोडी नऊ मीटर रुंद हवी. पाणलोट पाव चौरस किलोमीटर असेल तर सव्वादोन मीटर. आता जाऊन आपली मोजा. आमच्याकडे ट्रॅक्टरला जाता यावं म्हणून कोडीवर दोन सिमेंटचे नळ टाकून भराव घातलेला होता. कोडी उरलीच नव्हती, दोन भोकं होती. हा तर कच्चा हिशोब; घाटमाथ्याच्या पावसाला त्यापेक्षा जास्त धरावं लागतं, ते अभियंत्याकडून करून घ्या.

मासे वाहून जाऊ नयेत म्हणून कोडीला जाळी लावू नका. बोटीला पाणी पुरावं म्हणून कोडीवर फळ्या किंवा वाळूची पोती रचू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचा मातीचा बांध होता, श्रीमंतांच्या मासेमारी क्लबच्या मालकीचा, निव्वळ मौजेसाठी. घोडागाडी जावी म्हणून माथा खाली घेतलेला, सांडव्यावर माशांसाठी जाळ्या, आणि तळाचे नळ आधीच्या मालकानं काढून भंगारात विकलेले. ३१ मे १८८९ ला मोठ्या पावसात जाळ्यांवर काटक्या-कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं. खालच्या जॉन्सटाउन गावासह २,२०९ माणसं गेली. यातली एकेक गोष्ट मी आपल्याकडच्या तळ्यांवर बघितली आहे, फक्त घोडागाडीच्या जागी एसयूव्ही.

झाडं, बिळं आणि पाहुणे

बांधावर गवत हवं, हरळी उत्तम. झाड नको. अकेशिया, निलगिरी, करंज, काहीही. बोटाएवढं असेल तर उपटा. मांडीएवढं झालं असेल तर नुसतं कापून मोकळे होऊ नका. मुळं आत कुजतात आणि तेवढ्या जाडीच्या पोकळ्या राहतात. पाणी कमी असताना मुळासकट काढून, खड्डा पायऱ्यापायऱ्यांनी मोकळा करून, वीतभराच्या थरांत ओलसर माती ठासून भरावा लागतो.

बिळांचंही तसंच. घूस, खेकडे, आमच्या जंगलाच्या कडेला साळिंदरं. तोंड बुजवलं की जनावर शेजारी नवं काढतं आणि आतली पोकळी तशीच राहते. खणून भरा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि महाराष्ट्रभर त्याची थट्टा झाली. थट्टा रास्तच होती, कारण गावकरी गळतीबद्दल आधीपासून सांगत होते. पण बिळं निरुपद्रवी असतात असा अर्थ त्यातून काढू नका.

पाहुण्यांसाठी केलेली कामं वेगळी तपासा. दिव्याची वायर टाकायला बांध आडवा खणलाय? धक्क्याचे खांब उतारात ठोकलेत? तरणतलावाला पाणी न्यायला पोटातून पाइप घातलाय? माथ्यावर गाड्यांनी चाकोऱ्या पडून पाणी साचतंय? यातलं प्रत्येक काम बांधाला भोक पाडतं. आणि बांधाच्या पायथ्याशी, त्या गार सावलीत, राहायच्या खोल्या किंवा तंबू मांडले असतील तर ते आधी हलवा. बाकी लेख नंतर वाचला तरी चालेल.

कधी बघायचं

आमचं वेळापत्रक नक्षत्रांवर चालतं, कारण मामांना तारखा सांगितलेल्या राहत नाहीत. मृगाआधी गवत कापून पूर्ण फेरी, कोडी साफ, तुबूची झडप उघडून-बंद करून. आर्द्रापासून आठवड्याला एकदा मोजणी. तरणा आणि म्हातारा पाऊस चालू असताना, म्हणजे जुलैभर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, रोज. बेळगावात लोक "राकसकोप भरलं काय?" विचारायला लागले (राकसकोप म्हणजे शहराला पाणी देणारा जलाशय) की समजा आपलंही भरत आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात महापूर आला तेव्हा दोन दिवस रस्ते बंद झाले आणि आम्ही तिथे पोचूच शकलो नाही. वही मामांनी लिहिली. म्हणून मोजायला जागेवर राहणारा माणूस शिकवलेला हवा, शहरातला मालक नव्हे. गणपती विसर्जनाला गावकरी येत असतील तर त्याआधी एक फेरी. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा भरताना तळं एकदम भरू देऊ नका, टप्प्याटप्प्यानं भरा.

पाणी उतरवायचं असेल तर दिवसाला फुटाच्या आत. घाईनं उतरवलं तर आतली भिजलेली बाजू पाण्याचा आधार सुटल्यानं घसरते.

गढूळ पाणी आलं तर

आधी माणसं, मग बांध. ओढ्याच्या खालच्या अंगाला कोण राहतं ते पावसाळ्यात शोधायची गोष्ट नव्हे; उन्हाळ्यात एकदा ओढ्यानं दोन किलोमीटर खाली चालत जा. आमच्या खाली एक धनगरवाडा आहे आणि दोन शेतघरं, त्यातलं एक कानडी कुटुंब. त्यांचे नंबर मामांच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिलेत, आणि निरोप दोन्ही भाषांत ठरलाय: मराठीत "तळं फुटायलंय, वर चढा", कानडीत "केरी ओडदैती", म्हणजे तळं फुटलं. शेवटचं वाक्य थोडं पुढचं आहे, पण कानडी शेजारी म्हणाले, असंच सांगा, नाहीतर आम्ही चहा पिऊन निघू.

त्यानंतर ११२, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, तहसीलदार, ग्रामपंचायतीचे पीडीओ (विकास अधिकारी). मग तुबू पूर्ण उघडा. अशा वेळी फुटाचा नियम बाजूला. गळती तुबूच्याच नळाभोवती असेल तर पंप लावा. बांध कापून पाणी काढायला जाऊ नका. काप तुमच्या हातात राहत नाही.

पाणी बाहेर येतंय ते तोंड बुजवू नका. हे सगळ्यांना उलटं वाटतं. मातीनं किंवा सिमेंटनं दाबलं की पाणी दुसरीकडून फुटतं. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची: तोंडावर आधी जाडसर वाळू, वर बारीक खडी, वर मोठी खडी, वर दगड. वाळू उधळली जात असेल तर आधी खडी टाकून जोर मोडा. जमिनीतून बुडबुडत असेल तर भोवती पोत्यांचं कडं रचा, आतलं पाणी वर चढलं की येणाऱ्या पाण्याचा जोर कमी होतो. हे काम दिवसा, दोघांनी, आणि तिसरा माणूस वरून उतारावर नजर ठेवून. उतार हलला, गळती डोळ्यांदेखत वाढली, किंवा तळ्यात भोवरा दिसला, तर घमेलं तिथेच टाकून बाजूच्या टेकडीवर निघा. रात्री कुणी बांधाखाली उतरायचं नाही.

यासाठी मृगाआधीच पायथ्यापासून थोडं दूर, उंचावर, एक ट्रॉली जाड वाळू आणि दोन ट्रॉली खडी उतरवून ठेवा. आमच्या ढिगाऱ्यातली खडी दरवर्षी कुणीतरी अंगण करायला नेतं. दरवर्षी परत आणतो.

दुरुस्तीचं मोठं काम निघालं तर मातीकामाचा जाणकार बोलवा, घरं बांधणारा नव्हे. बेळगावात स्थापत्य अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच मच्छेला आहे. तिथे मृदायांत्रिकी शिकवणाऱ्या कुणाला तरी गाठा. जाताना वही न्या. आम्ही गेलो तेव्हा त्या सरांनी आमचे तळ्याचे फोटो बाजूला सारले आणि तासभर बादलीचे सेकंद वाचत बसले.